आष्टीच्या गवतात विस्कॉन्सिन

समजा, पोळा होऊन गेला आहे, गवत फुलोऱ्यावर आलं आहे आणि वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, आष्टी तालुक्यातल्या एका माळावर वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी चौकट टाकते आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. चौकटीत पवन्यानं किती जागा व्यापली, कुसळीनं किती, तरोटा आहे का, मारवेल दिसतो का, हे ती टक्क्यांत लिहून घेते. अशा तीसेक चौकटी झाल्या की तक्ता तयार होतो: आडव्या ओळीत चौकटी, उभ्या रकान्यांत वनस्पती. तक्ता संगणकात जातो. 'आर' या फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीत 'व्हेगन' नावाचा एक संच आहे. चौकटी एकमेकींसारख्या किती हे ठिपक्यांच्या चित्रात मांडणारी त्यातली 'मेटा-एमडीएस' ही आज्ञा ती देते. उत्तराच्या आधी पडद्यावर दोन ओळी उमटतात. आकड्यांचं वर्गमूळ घेतलं, असं पहिली सांगते. विस्कॉन्सिनचं दुहेरी प्रमाणीकरण केलं, असं दुसरी.

तिनं यातलं काहीच सांगितलेलं नसतं. मग विस्कॉन्सिन हे अमेरिकेतलं राज्य आष्टीच्या गवतात आलं कुठून?

हे सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या बहुतेक शिबिरांत या दोन ओळी पुढे सरकवल्या जातात, कारण सगळ्यांचं लक्ष त्यानंतर येणाऱ्या ठिपक्यांच्या चित्राकडे असतं. पण चित्र कसं दिसणार हे बरंचसं या ओळींनी आधीच ठरवलेलं असतं. त्यांचा माग काढत मागे गेलं की लक्षात येतं, की या एका आज्ञेत निदान दोन घराण्यांचा वारसा आहे, आणि त्या घराण्यांचं आपसांत कधीच पटलं नव्हतं.

आधी जागा नीट सांगायला हवी. ही आष्टी बीडची नव्हे. ही १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावाची, म्हणून 'शहीद' म्हणवली जाणारी आष्टी. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. खाली काळा बेसाल्ट, वर उथळ मुरमाड जमीन, टेकड्यांवर साग, धावडा, सालई, तेंदू, मोह. सखल भागात कपाशी आणि संत्री, मधल्या उतारांवर गवत. आष्टी, कारंजा आणि आर्वी हा गवळाऊ गाईचा मुलूख. नंदगवळी कुटुंबांनी ही पांढरी, चपळ, कामाला काटक जात याच गवतावर सांभाळली. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला गवळाऊचं सरकारी पैदास प्रक्षेत्रही आहे. त्यामुळे इथं कोणत्या उतारावर कोणतं गवत किती आहे, हा प्रश्न केवळ प्रबंधापुरता राहत नाही. गुरं कुठं वळवायची, कुरण कधी राखायचं आणि कधी उघडायचं हे त्यावर ठरतं.

गवताला चौकट घालून मोजायची कल्पना अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात रुजली. १८९८ मध्ये रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी तिथल्या वनस्पतींवर पुस्तक काढलं. नजरेच्या अंदाजावर त्यांचा विश्वास उडाला होता. मैलोन्मैल एकच गवत आहे असं वाटायचं, आणि पाच मीटरची चौकट आखून रोपं मोजायला बसलं की भलतीच जात पुढे असायची. डेन्मार्कच्या क्रिस्तेन राउनकियर यांनी मोजणी आणखी सोपी केली. रोपं मोजूच नका. लहान वर्तुळं टाका आणि कोणती जात किती वर्तुळांत सापडली एवढंच लिहा. आपल्याकडच्या महाविद्यालयांत आजही 'वारंवारता' काढतात ती हीच.

तक्ता मोठा होत गेला तसा पुढचा प्रश्न आला. दोन जागा एकमेकींसारख्या किती? स्वित्झर्लंडच्या पॉल जकार यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आल्प्समधल्या वनस्पतींसाठी साधा भागाकार सुचवला: दोन्हीकडे सापडणाऱ्या जाती भागिले एकूण जाती. १९४८ मध्ये डेन्मार्कच्या थॉरव्हाल सोरेनसेन यांनी त्यात किंचित बदल करून सामायिक जातींना दुप्पट वजन दिलं. त्यांनी हे सूत्र वापरलं ते डेन्मार्कमधल्या सामायिक चराऊ जमिनींवरच्या वनस्पतींसाठी, म्हणजे तिकडच्या गायरानांसाठी. आष्टीत ते वापरताना निदान जागेचा मेळ तरी बसतो!

पहिलं घराणं उभं राहिलं ते मात्र योझियास ब्राउन-ब्लांके यांच्यामुळे. हेही स्विस, पण कर्मभूमी दक्षिण फ्रान्समधलं माँपेलिए. १९२८ मध्ये त्यांचा वनस्पती-समाजशास्त्रावरचा ग्रंथ आला आणि युरोपभर त्यांची पद्धत पसरली. ती अशी: एकसारखा दिसणारा तुकडा निवडा, त्यातल्या सगळ्या जाती लिहा आणि प्रत्येकीच्या पसाऱ्याला अंक द्या. तीन चतुर्थांशाहून जास्त जागा व्यापली तर ५, निम्म्यापासून तीन चतुर्थांशापर्यंत ४, असं उतरत जात तुरळक जातीला नुसतं अधिक चिन्ह. मग असे शंभर तक्ते एकत्र घेऊन ओळी आणि रकाने हातानं हलवत बसायचं. कागदाच्या पट्ट्या कापायच्या, जवळच्या जवळ लावायच्या, पुन्हा उतरवून काढायच्या. काही जाती नेहमी एकत्र येतात असं दिसलं की त्या समूहाला नाव द्यायचं. वनस्पतींचे ठरावीक समाज असतात, त्यांना सीमा असतात आणि त्यांची वर्गवारी करता येते, ही या घराण्याची श्रद्धा. कप्प्यांचं घराणं म्हणू या.

ते महाराष्ट्रात फार लवकर पोचलं. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे फरिदुनजी रुस्तमजी भरूचा माँपेलिएला ब्राउन-ब्लांके यांच्याकडे शिकले आणि परतल्यावर त्यांनी मुंबईत वनस्पती-समाजशास्त्राची शाळाच उभी केली. १९३५ मध्ये ब्लॅटर आणि मॅककॅन यांचा मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचा ग्रंथ आला होता, त्यामुळे गवत ओळखायला हाताशी पुस्तक होतं. भरूचांच्या विद्यार्थ्यांनी त्यात तक्त्यांची भर घातली. १९५८ मध्ये भरूचा आणि के. ए. शंकरनारायण यांचा पश्चिम घाटातल्या गवताळ प्रदेशांवरचा लेख 'जर्नल ऑफ इकॉलॉजी'त छापून आला. सह्याद्रीतलं गवत आणि माँपेलिएची रीत तिथं एका तक्त्यात बसली होती.

शंकरनारायण पुढे ज्या कामात होते ते आष्टीपर्यंत येतं. भारतीय कृषी संशोधन परिषदेनं १९५० च्या दशकात देशभरातल्या गवताची पाहणी हाती घेतली होती. तिच्यावरचं पुस्तक १९७३ मध्ये पी. एम. दबडघाव आणि शंकरनारायण यांच्या नावानं निघालं. त्यात भारताचं गवत-आच्छादन पाच प्रकारांत विभागलं आहे. दख्खनचं पठार आणि मध्य भारत 'सेहिमा-डायकँथियम' या प्रकारात येतात, म्हणजे आपल्या भाषेत पवन्या-मारवेलच्या मुलखात. आष्टीचे उतारही त्यातच. या पुस्तकाचं खरं मोल पाच कप्प्यांपेक्षा त्याच्या उतरंडीत आहे. चराई वाढत गेली की आधी पवन्या आणि मारवेल हटतात, कुसळ वर येते, आणि आणखी ताण पडला की तीही मागे पडून खुरटी वार्षिक गवतं उरतात. गवळ्याला हे गाईच्या तोंडाकडे बघून कळत असतंच. पण कोणता माळ उतरंडीच्या कोणत्या पायरीवर आहे, हे दोन माळांची तुलना करून कागदावर दाखवायचं झालं, तर तक्ता लागतो.

दुसऱ्या घराण्याचं गाव म्हणजे मॅडिसन, विस्कॉन्सिन विद्यापीठ. जॉन कर्टिस आणि त्यांचे विद्यार्थी राज्यभरातल्या जंगलाच्या तुकड्यांत झाडं मोजत हिंडत होते. ठरावीक समाज, त्यांच्या ठळक सीमा असं काही त्यांना दिसेना. एक जात विरळ होत जाते, दुसरी दाट होत जाते, आणि मध्ये कुठंही रेघ मारावी अशी जागा सापडत नाही. १९५१ मध्ये कर्टिस आणि रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी हे मांडलं. वनस्पतिजीवन ही एक सलग चढण आहे, कप्पे आपण पाडतो. हे सलगतेचं घराणं.

या घराण्यानं दोन वस्तू जगाला दिल्या. पहिली 'महत्त्वमूल्य निर्देशांक': सापेक्ष घनता, सापेक्ष वारंवारता आणि सापेक्ष प्राबल्य यांची बेरीज, एकूण ३००. भारतात वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याही प्रबंधाचं पान उलटा, हा निर्देशांक भेटतोच. बनारसच्या रामदेव मिश्रांच्या परंपरेत पर्यावरणशास्त्राचं हातानं करायचं शिक्षण देशभर रुजलं, त्यांचं प्रात्यक्षिकांचं पुस्तक १९६८ मध्ये आलं, आणि अशा पुस्तकांमधून ही रीत महाविद्यालयांत स्थिरावली. मात्र कर्टिस-मॅकिंटॉश यांनी तो निर्देशांक झाडांसाठी घडवला होता. त्यातलं प्राबल्य खोडाच्या छेदाच्या क्षेत्रफळावरून ठरतं. सागाचं खोड मोजता येतं; कुसळीच्या थोंबाचं काय मोजणार, आणि जमिनीवर पसरत जाणाऱ्या हरळीचं एक रोप कुठं संपतं? तरीही गवताच्या प्रबंधांतसुद्धा ३०० ची बेरीज येते, कारण मागच्या प्रबंधात ती होती.

दुसरी वस्तू १९५७ ची. रॉजर ब्रे आणि कर्टिस यांनी दक्षिण विस्कॉन्सिनमधल्या जंगलांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांना असं दिसलं, की दाट वाढणारी एखादी जात सगळ्या तुलनेवर स्वार होते. म्हणून त्यांनी आकडे दोनदा समपातळीवर आणले. आधी प्रत्येक जातीचे आकडे तिच्या स्वतःच्या कमाल आकड्यानं भागले, मग प्रत्येक जागेचे आकडे त्या जागेच्या बेरजेनं. हेच ते विस्कॉन्सिनचं दुहेरी प्रमाणीकरण. मग जागांच्या प्रत्येक जोडीतलं अंतर काढलं आणि कंपासनं कंस मारून त्या जागा कागदावर मांडल्या. सारख्या जागा जवळ, वेगळ्या लांब. सगळं हातानं. नुसत्या तीस चौकटी घेतल्या तरी ४३५ जोड्या होतात, यावरून त्या चिकाटीची कल्पना येईल.

इथं यंत्र आलं. अशा मांडणीसाठी घटक-विश्लेषणाचं गणित ऑस्ट्रेलियातल्या वनस्पतींवर डेव्हिड गुडॉल यांनी १९५४ मध्येच वापरून पाहिलं होतं. साउदॅम्प्टनला विल्यम्स आणि जॉइस लँबर्ट यांनी 'पेगॅसस' या संगणकाकडून वर्गवारी करून घेतली. मग १९७९ मध्ये इंग्लंडच्या मार्क हिल यांचे दोन फोर्ट्रान प्रोग्रॅम कॉर्नेल विद्यापीठातून बाहेर पडले. 'ट्विन्स्पॅन' तक्त्याची दुभागणी करत कप्पे पाडत असे, म्हणजे ब्राउन-ब्लांके यांच्या कागदी पट्ट्यांचं काम करत असे. 'डेकोराना' सलग चढण काढून दाखवत असे. दोन घराणी एकाच लेखकाच्या दोन प्रोग्रॅमांत शेजारी येऊन बसली. पुढे नेदरलँड्सच्या कायो तेर ब्राक यांचं 'कॅनोको' आलं. त्यात वनस्पतींबरोबर माती, उतार, ओलावा यांचे आकडेही एकाच वेळी जोडता येत. प्रोग्रॅम चालवणाऱ्याला आतलं गणित ठाऊक असण्याची गरज हळूहळू उरली नाही.

मग १९९० च्या दशकात एक गोष्ट उघड झाली. पीटर मिन्चिन आणि फिनलंडचे यारी ओक्सानेन यांनी १९९७ मध्ये सकारण दाखवलं, की या नावाजलेल्या प्रोग्रॅमांत तक्त्याच्या ओळींचा क्रम बदलला तर उत्तरही बदलू शकतं. आकडे तेच, गवत तेच, फक्त कोणती चौकट आधी लिहिली एवढाच फरक. आकडेमोड पुरेशी जुळण्याआधीच थांबत होती आणि एका जागी चूकही होती. दुरुस्त्या झाल्या. पण बंद पेटीत काय चाललं आहे हे दिसायला हवं, हा धडा मागे राहिला.

तोवर ऑकलंडला रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 'आर' घडवली होती. १९९५ पासून ती खुल्या परवान्याखाली आहे. पहिली पक्की आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ची. या प्रणालीत कोणतीही आज्ञा उघडून तिच्या पोटातलं वाचता येतं. 'व्हेगन' हा संच २००१ च्या सुमारास याच ओक्सानेन यांनी सुरू केला. त्यात विस्कॉन्सिन नावाची स्वतंत्र आज्ञाच आहे. आपल्याकडे 'पास्ट'ही बरंच वापरलं गेलं. नॉर्वेच्या ओइविंद हामर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जीवाश्मांच्या अभ्यासासाठी काढलेलं हे फुकट सॉफ्टवेअर, बटणं दाबून चालतं. जीवाश्मांसाठी बनलेल्या खिडकीतून जिवंत गवत बघायची सवय आपल्या प्रयोगशाळांना लागली ती तेव्हापासून. आता आय.आय.टी. मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात 'आर'चे धडे आहेत. तालुक्याच्या गावी बसून शिकण्यात पैशाची अडचण जवळपास राहिलेली नाही.

अडचण पुढे आहे आणि ती दोन चौकटींवर बोट ठेवून दाखवता येते. आकडे उदाहरणापुरते घेऊ. राखलेल्या कुरणातली पहिली चौकट: पवन्या ६० टक्के, कुसळ २०, तरोटा शून्य. गुरांच्या वाटेजवळची दुसरी: पवन्या १०, कुसळ ६०, तरोटा १०. या दोन जागा एकमेकींपासून किती वेगळ्या? शून्य म्हणजे अगदी सारख्या, १ म्हणजे पूर्ण वेगळ्या.

सोरेनसेन विचारतात ते फक्त कोण आहे, कोण नाही. त्यांचं उत्तर ०.२०; म्हणजे जवळपास सारख्याच. जकारांचं ०.३३. प्रमाणीकरण वगळलं तर ब्रे-कर्टिस यांचं अंतर पसाऱ्याचे आकडे जसेच्या तसे घेतं आणि ०.६३ सांगतं, म्हणजे बऱ्याच वेगळ्या. आता वर्गमूळ आणि विस्कॉन्सिन या दोन्ही पायऱ्या आधी केल्या तर तेच अंतर ०.४६ वर येतं. एवढंच झालं असतं तरी चाललं असतं, पण आतली वाटणीही बदलते. आधी फरकाचा नव्वद टक्के भार पवन्या आणि कुसळीवर होता, तरोट्यावर अवघा दहावा हिस्सा. दोन पायऱ्यांनंतर तरोटा जवळपास निम्मा भार उचलतो, कारण त्याचे दहा टक्के हीच त्याची कमाल, आणि प्रमाणीकरणाच्या पहिल्या भागाकारात प्रत्येक जातीची कमाल सारखी होते.

यातलं कोणतंच उत्तर चूक नाही. तरोटा गुरं खात नाहीत, तो बिघडलेल्या जागी आधी शिरतो. बिघाडाची पहिली खूण पकडायची असेल तर त्याला वजन मिळणं योग्यच आहे. गाईला चारा किती मिळेल हा प्रश्न असेल तर पवन्याचे साठाचे दहा झाले ही बातमी मोठी, आणि तिथं विस्कॉन्सिनची मध्यस्थी नको. प्रश्न कोणता हे गवळ्यानं आणि विद्यार्थिनीनं ठरवायचं. न सांगितल्यास संगणक ठरवतो, आणि कसं ठरवतो तेही बघण्यासारखं आहे. 'मेटा-एमडीएस' तक्त्यातला सगळ्यात मोठा आकडा बघते. तो ५० च्या वर असेल तर वर्गमूळ. ९ च्या वर असेल तर विस्कॉन्सिन. म्हणजे पसारा टक्क्यांत लिहिला तर दोन्ही पायऱ्या आपोआप होतात, आणि तोच पसारा ब्राउन-ब्लांके यांच्या १ ते ५ अंकांत लिहिला तर एकही होत नाही. वहीत कोणत्या घराण्याची रीत वापरली यावरून दुसऱ्या घराण्याची रीत लागू होणार की नाही हे ठरतं. त्या दोघांमधला वाद शिकणाऱ्याच्या कानावरही पडत नाही.

विदर्भात कप्पे की सलग चढण हा वाद नुसता पुस्तकी नाही. नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांत, वर्ध्यासह, महसुली दफ्तरात 'झुडपी जंगल' नावाचा एक वर्ग आहे. मुरमाड, काटेरी झुडपांच्या, पूर्वापार गुरचराईच्या या जमिनी. हे जंगल आहे की नाही यावर अनेक दशकं वाद चालला, आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वनजमिनीच मानाव्यात असा निकाल दिला. कायद्याला कप्पा लागतो आणि ते बरोबरच आहे. रेघ मारल्याशिवाय संरक्षण करता येत नाही. पण रेघेच्या आत एकच गोष्ट नसते. एका गट क्रमांकात पवन्याचं कुरण असू शकतं, दुसऱ्यात रायमुनियाची जाळी, तिसऱ्यात या दोन्हींमधला प्रवास. कप्पा एकच आहे म्हणून तिन्ही ठिकाणी सरसकट झाडं लावायला खड्डे खणले, तर पहिल्या जागेचं कुरण जाईल. कुठं काय करायचं हे सलगतेच्या घराण्याचं चित्र सांगू शकतं, मात्र त्यासाठी चौकटी टाकाव्या लागतात.

अशा चौकटींच्या नोंदींना एक तयार जागाही आहे. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायची होती, आणि हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर त्या कामाला घाई आली. या नोंदवह्यांत नावं असतात, उपयोग असतात, कधी गवळ्यांकडून मिळालेली बारीक माहिती असते. कोणत्या जागी किती, हा रकाना नसला तर त्यांचा तक्ता होत नाही, आणि पाच वर्षांनी पवन्या वाढला की घटला हे त्यावरून काढता येत नाही. सध्याच्या नोंदवहीला तीस कायम चौकटींचं एक पान जोडलं तरी हे बदलेल. गवत ओळखायला पोतदार, साळुंखे आणि यादव यांचं महाराष्ट्रातल्या गवतांवरचं २०१२ चं पुस्तक आहे. आणि कोणत्या उतारावर चौकट टाकायची हे सांगायला गुरं राखणारी माणसं गावात आहेत.

म्हणून आष्टीसारख्या ठिकाणी हे सॉफ्टवेअर शिकवायचं तर क्रम उलटा असावा. आधी दोन चौकटी, कागद आणि पेन्सिल. वरची चार उत्तरं हातानं. मग तीच चार उत्तरं यंत्राकडून. मग आपोआप होणारे बदल बंद करून एक चित्र, चालू ठेवून दुसरं, आणि दोन्हींत फरक का पडला यावर वर्गात भांडण. कप्पे पाडणाऱ्या आज्ञा त्यानंतर. आणि अहवालात, मग तो विद्यापीठासाठी असो, वनविभागासाठी असो की ग्रामसभेसाठी, चित्राखाली चार गोष्टी हव्यात: पसारा कोणत्या मापात लिहिला, कोणते बदल केले, कोणतं अंतर घेतलं, आणि हे सगळं कोणत्या प्रश्नासाठी. एवढं लिहिलेलं असलं की ज्या गवळ्याचा माळ या चित्रावरून बंद होणार आहे त्याला, किंवा त्याच्या शिकलेल्या मुलीला, तोच तक्ता पुन्हा चालवून हरकत घेता येईल. 'आर' फुकट आहे याचा गावाला खरा उपयोग तो.